वहिनीच्या खोलीतून गेलेला कागद

वहिनी खरं तर एकाच माणसाची वहिनी; पण नणंदेच्या हाका ऐकून ऐकून ती सगळ्या गल्लीची वहिनी झाली. दूधवाला तिला वहिनी म्हणतो, वरच्या मजल्यावरचे आजोबाही म्हणतात, आणि एकदा चारचौघांत तिच्या नवऱ्याच्या तोंडूनही ‘अहो वहिनी’ निघून गेलं होतं. त्या गोष्टीवर घरात अजून हसणं होतं. निदान परवापरवापर्यंत होत होतं.

वहिनीचा धंदा ऐकण्याचा. हॉस्पिटलातले डॉक्टर पेशंट तपासून झाला की जे काय दिसलं ते यंत्रात बोलून ठेवतात, ते बोलणं वहिनीच्या मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर येतं आणि वहिनी त्याचा रिपोर्ट टाइप करून परत पाठवते. कानाला हेडफोन, बोटं कीबोर्डवर आणि पायाखाली पेडल. चवडा दाबला की डॉक्टर बोलायला लागतात, उचलला की गप्प बसतात, आणि टाच दाबली की झालेलं वाक्य मुकाट्याने पुन्हा म्हणतात. एवढ्या मोठ्या डॉक्टरांना पायाच्या तालावर नाचवणारी दुसरी बाई या गल्लीत नाही, असं नवरा म्हणायचा. तो वजनकाटे दुरुस्त करतो, त्यामुळे त्याचे विनोदही तोलूनमापून असतात.

डॉक्टर काही नीट बोलतात अशातला भाग नाही. एक तोंडात घास घेऊन बोलतो, दुसरी बाई इतकी भरभर बोलते की मागे गाडी सुटत असावी असं वाटावं. शब्द कळला नाही तर अंदाजपंचे काही ठोकून द्यायचं नाही, हा या धंद्यातला पहिला दंडक. तिथे रेघ मारून जागा कोरी ठेवायची. मग डॉक्टर कागद वाचून ती भरतात आणि पक्की प्रत निघते. खाली कोपऱ्यात टाइप करणारीची खूण असते. वहिनीची खूण घरात सगळ्यांना ठाऊक होती, कारण पहिल्या रिपोर्टावर ती बघून तिने सगळ्यांना पेढे नाही तरी चहा तरी पाजला होता.

आणि वहिनीला कशाचा अभिमान असेल तर तो आपल्या तोंडाचा. म्हणजे तोंड बंद ठेवण्याचा. अर्ध्या गावाची दुखणी तिच्या कानांवरून जात. शेजारणी आडून आडून विचारत, “अगं, ते कोपऱ्यावरचे हल्ली बारीक झालेत, नाही?” वहिनी म्हणे, “झालेत का? मी बघितलं नाही.” कानातून आलं ते बोटांतून गेलं, पोटात काही राहत नाही, असं ती सांगायची. हे अर्थातच खोटं होतं. सगळं पोटात राहायचं, फक्त वर येत नसे.

एका सकाळी हेडफोनमधून नणंदेचं नाव आलं. पूर्ण नाव, वय, पत्ता. वहिनीचा चवडा आपोआप उचलला गेला.

नणंदेला घरात बेबी म्हणतात. शेंडेफळ म्हणून बेबी, आता कानशिलं पांढरी व्हायला लागली तरी बेबीच. लग्न केलं नाही, विम्याच्या कचेरीत नोकरी करते, याच घरात पुढच्या खोलीत राहते आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात. गेल्या आठवड्यात ती कचेरीच्या ट्रेनिंगला म्हणून तीन-चार दिवस बाहेरगावी गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं त्यावरून कळलं की ती बाहेरगावी गेलीच नव्हती. छातीतली गाठ काढली होती, ती तपासली होती, आणि ती वाईट निघाली होती. सुरुवातीची होती, पण वाईट.

ओळखीच्या माणसाचा रिपोर्ट आला तर तो न ऐकता परत पाठवायचा, दुसरी कोणी करेल, असाही एक दंडक होता. वहिनीने तो पाठवला नाही. आपल्या बेबीचं असं काही कोण्या तिऱ्हाईत बाईच्या कानात कशाला, असं तिला वाटलं. ती रडत रडत टाइप करत राहिली. एका ठिकाणी डॉक्टर खोकले, शब्द गेला. टाच पुन्हा पुन्हा दाबूनही तो लागेना. तिथे तिने रेघ मारली, आपली खूण घातली आणि कागद पाठवून दिला. मग तोंड धुऊन ती भाजी चिरायला बसली.

त्या संध्याकाळी बेबी नेहमीसारखी जेवायला शेजारी बसली. वहिनी काही बोलली नाही. दंडक दंडक म्हणतात तो हाच, तिने मनाची समजूत घातली. फक्त तेव्हापासून ती बेबीच्या हातातून पाण्याची बादली काढून घ्यायला लागली, तिचे कपडे स्वतःच वाळत घालायला लागली. “मला काय झालंय?” बेबी चिडून विचारायची. “काही नाही गं, सहज,” वहिनी म्हणायची. असे बरेच महिने गेले.

मग एका रविवारी दुपारी बेबी मागच्या खोलीत आली. दार वाजवलं नाही. नवरा तिथेच खुर्चीवर पेपर वाचत होता. तिने फोन वहिनीसमोर टेबलावर ठेवला.

“हे काय आहे, वहिनी?”

फोनवर रिपोर्टाचा फोटो होता. वर बेबीचं नाव. खाली कोण्या अनोळखी नंबराचा मजकूर, की पैशांची मागणी पुरी केली नाही तर हा कागद तुमच्या कचेरीत प्रत्येकाला जाईल. वहिनीची नजर मात्र कागदाच्या मध्यावर जाऊन अडकली. तिथे रेघ होती. कोरी जागा. डॉक्टर खोकले होते ती.

पक्क्या प्रतीत ती जागा भरलेली असते. कोरी रेघ असलेला कागद हॉस्पिटलातून बाहेर पडायचं काही कारणच नव्हतं. तो या खोलीतूनच गेला होता, तिच्या नाकाखालून.

“तुझी खूण आहे खाली,” बेबी म्हणाली. “कोणाला दिलास?”

“देवाशपथ, बेबी, मी कोणाला…”

“कशाचा कागद आहे?” नवऱ्याने पेपर खाली ठेवला. बेबीने फोन उचलून त्याच्या हातात दिला आणि तो वाचेपर्यंत भिंतीकडे बघत उभी राहिली. जे तिने सख्ख्या भावाला सांगितलं नव्हतं ते त्याला असं कळत होतं. वाचून झाल्यावर त्याने आधी बहिणीकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि जे विचारायला नको होतं नेमकं तेच विचारलं.

“तू कुठे बोललीस का काही?”

वहिनीला लग्नाच्या इतक्या वर्षांत एवढं लागेल असं कोणी बोललं नव्हतं. बेबी उत्तराची वाट न बघता गेली. त्या दिवसापासून ती स्वतःचा चहा स्वतः करायला लागली आणि वहिनी स्वयंपाकघरात आली की कप घेऊन बाहेर जायला लागली.

कागद इथूनच गेला हे वहिनीपेक्षा पक्कं कोणालाच माहीत नव्हतं. आपण दिला नाही हेही तिलाच माहीत होतं. मग दिला कोणी? नवऱ्याला कॉम्प्युटर कसा चालू करायचा हेही ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी तिने एक फुकटात मिळणारा अँटिव्हायरस मशीनवर घातला. त्याने घटकाभर धुंडाळून एक चोरटा प्रोग्राम पकडला, पुसला, आणि ‘आता सर्व ठीक’ म्हणून हिरवी खूण दाखवली. वहिनीने सुस्कारा सोडला. जेवून येऊन मशीन पुन्हा चालू केलं तर तोच प्रोग्राम तिथेच बसलेला. पुन्हा पुसला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तिने नेटची वायर हिसडून काढली, मशीन ओढणीत गुंडाळलं आणि रिक्षात घातलं.

बाजारामागच्या जिन्याखाली एक दुरुस्तीवाली बसते. बाई साठीची, चष्मा दोरीला बांधलेला, आणि बोलणं असं की गिऱ्हाइकाला वाटावं आपण काही गुन्हा केलाय. तिने वहिनीचं सगळं ऐकून घेतलं. मशीन नेहमीसारखं चालू न करता स्वतःजवळच्या स्वच्छ पेनड्राइव्हवरून चालू केलं.

“असं का?” वहिनीने विचारलं.

“तुमच्या डिस्कवरून चालू केलं तर आधी तो जागा होईल, मग मी. तो झोपलेला असतानाच झडती घ्यायची.” ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. “ट्रोजन आहे. आपण होऊन दार उघडून आत घेतलेला चोर. रिपोर्ट, पासवर्ड, जे टाइप केलंत ते सगळं गुपचूप बाहेर पाठवतोय. पकडला तरी परत का येत होता सांगू? मशीन सुरू झालं की स्वतःला पुन्हा बोलवायची सोय त्याने तीन ठिकाणी करून ठेवलीय. तुमचा अँटिव्हायरस एक पुसत होता, बाकीची दोन त्याला परत आणत होती.”

“पण मी तर काहीच आत घेतलं नाही.”

“कोणाचा तरी कागद उघडला असेल तुम्ही. उघडला आणि आत काहीच नव्हतं, असं झालं होतं?”

झालं होतं. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाच्या नावाने एक मेल आला होता, ‘दुरुस्तीसाठी परत’ म्हणून. उघडला तर पान कोरं. पाठवणाराच धांदरट, असं म्हणून वहिनीने ते बंद केलं होतं.

“तुमच्या टाइप करायच्या प्रोग्राममध्ये एक जुनं भोक होतं,” दुरुस्तीवाली म्हणाली. “नुसतं पान उघडलं तरी त्या भोकातून आतला चोर बाहेर पडून मशीनवर बसायचा. कंपनीने ते भोक कधीच बुजवलंय. अपडेटमध्ये. ते तुमच्याकडे आलंच नाही. बंद करून ठेवलंयत ना तुम्ही?”

ठेवलं होतं. वहिनीनेच नव्हे, या धंद्यातल्या सगळ्या जणींनी. पेडल जुन्या बनावटीचं, आणि मशीनचं अपडेट आलं की दर वेळी ते मरायचं. मग कंपनीला फोन, दोन दिवस काम ठप्प. म्हणून नवी कोणी कामाला लागली की जुन्या जणी तिला आधी हेच शिकवायच्या: काहीही झालं तरी अपडेट होऊ देऊ नकोस, पेडल जाईल. वहिनीने स्वतः कितीतरी जणींना फोनवर बसून ते बंद करून दिलं होतं. एवढी पेडलची काळजी! तिला स्वतःच्या पायाचा राग आला.

“किती दिवस होता तो आत?”

दुरुस्तीवालीने तारीख दाखवली. बेबीच्या रिपोर्टाच्या आधीची होती. वहिनी तिथल्या स्टुलावर बसली आणि हसायलाच लागली. मग हसता हसता रडली. सुटले, असं तिला वाटलं. चोर सापडला, त्याची तारीख सापडली. आता बेबीला दाखवायचं.

“हे पुसू नका,” ती म्हणाली. “माझ्या नणंदेला बघू दे आधी.”

“मला वाटलंच. बायका पुरावा मागतातच. नेट काढलंय तोवर तो आत पडून राहिला तरी काही करू शकत नाही. पण हॉस्पिटलला आत्ता कळवा, आत्ता. आणि तिथला पासवर्ड दुसऱ्या चांगल्या मशीनवरून बदला. इथून बदललात तर नवा पासवर्ड आधी त्यालाच कळेल.”

वहिनीने तिथूनच फोन केला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली की अशा तक्रारी आणखी काही जणांकडून आल्या आहेत, खूण तुमचीच आहे, आणि आम्ही तुम्हालाच फोन करणार होतो. काम पुढची सूचना मिळेपर्यंत बंद. वहिनी “हो, हो” म्हणत राहिली. आणखी काही जण. कोणाकोणाचे रिपोर्ट गेल्या महिन्यांत टाइप केले ते तिला आठवायला लागलं, आणि पोटात राहिलेलं सगळं एकदम वर आलं. तरी तिच्या मनात सगळ्यांच्या वर एकच गोष्ट होती: बेबीला पटलं पाहिजे.

बेबी यायला तयार नव्हती. शेवटी नवऱ्याने मध्यस्थी केली. त्या एका प्रश्नानंतर तो बायकोशी जरा जपूनच वागत होता. कचेरी सुटल्यावर बेबी जिन्याखाली आली, पर्स खांद्यावरून न काढता उभी राहिली. बसायला दिलेल्या स्टुलाकडे तिने पाहिलंही नाही.

दुरुस्तीवालीने तिला सगळं दाखवलं. तो कोरा कागद, तो भोकातून कसा आत आला, कुठे लपला, काय काय पाठवलं. तारखेवर तिने बोट ठेवलं. “हा इथे आला. तुमचा रिपोर्ट यानंतर टाइप झाला. टाइप होता होताच तो बाहेर गेला. यांना पत्ताही नव्हता. या बाईने तोंड उघडलेलं नाही, हे मी लिहून देते.”

बेबीने ती तारीख दोनदा वाचली. चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला. “सायबर पोलिसांत तक्रार केलीय मी,” ती म्हणाली. “आणि कचेरीत स्वतःच सांगून टाकलं सगळ्यांना. आता तो कोणाला काय पाठवणार.” मग वहिनीकडे वळून ती म्हणाली, “मी उगाच बोलले तुला. चुकले.”

वहिनीला ते ऐकायचं होतं, इतकं ऐकायचं होतं की तिथेच थांबावं हे तिला सुचलं नाही. “अगं, मी कशी सांगेन? तुझा रिपोर्ट आला तेव्हा मी दुसरीला पाठवलासुद्धा नाही. म्हटलं, आपल्या बेबीचं आपल्याच हातांनी होऊ दे. रडत रडत टाइप केला गं मी. एका शब्दाने कोणाला कळू दिलं नाही आजवर.”

अगदी हळू आवाजात बेबीने विचारलं, “म्हणजे तू ऐकलंस ते. नुसतं टाइप नाही केलंस. माझं आहे हे कळून ऐकलंस.”

“हो, पण…”

“त्या संध्याकाळी शेजारी बसून जेवलीस.”

“दंडक असतो, बेबी. ओळखीच्या माणसाशी बोलायचं नाही.”

“ओळखीच्या माणसाचा कागद परत पाठवायचा, हाही असतोच ना? तो नाही पाळलास.” बेबीचा आवाज चढला नव्हता, म्हणून तो जास्तच ऐकवत नव्हता. “म्हणून बादली घेत होतीस हातातून. मला वाटायचं, मी आता कामाची राहिले नाही असं वाटतंय हिला. दर वेळी हॉस्पिटलात एकटी जात होते, वहिनी. त्या खुर्च्यांवर सगळ्यांबरोबर कोणी ना कोणी असतं. सिस्टर विचारायची, बरोबर कोण आहे? मी सांगायचे, घरी कोणाला माहीत नाही.”

आयुष्यभर ज्याचा तोरा मिरवला ते बंद तोंड आता उघडायचं म्हटलं तर उघडत नव्हतं.

“तू कोणालाच सांगितलं नाहीस, पटलं मला,” बेबी म्हणाली. “मलाही नाही सांगितलंस.”

दुरुस्तीवाली उगाचच एक वायर गुंडाळत होती. तिने खाकरून विचारलं, “आता पुसू का? सगळं पुसायचं, नव्याने घालायचं, तेच बरं. आधी अपडेट, मग बाकी. तुमचे कागद तपासून परत देईन, प्रोग्राम जुना एकही परत घालायचा नाही.”

“पुसा,” वहिनी म्हणाली.

“पेडल चालेलच असं नाही.”

“नाही चाललं तर नाही.”

दुरुस्तीवालीने बटण दाबलं. स्क्रीनवर एक पट्टी हळूहळू भरायला लागली. वहिनीचा पाय स्टुलाखाली मोकळ्या फरशीवर टाच दाबत होता, जणू झालेलं वाक्य मागे नेता आलं असतं. तिच्या ते लक्षात आलं तेव्हा तिने पाय मागे घेतला.

बेबी पर्स सावरत निघाली. जिन्याच्या तोंडाशी थांबून, मागे न वळता म्हणाली, “मंगळवारी तपासणी आहे. तुला कळेलच म्हणा, काम सुरू झालं की.”

वहिनी उठली. स्टूल कलंडलं ते तिने उचललं नाही.

“बेबी, मी येऊ का बरोबर?”

एवढंच तर विचारायचं होतं. बेबी वळली. तिचे डोळे भरले होते आणि रागही गेला नव्हता.

“आत्ता विचारतेस होय,” ती म्हणाली, आणि बाजाराच्या गर्दीतून घराकडे चालायला लागली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. वहिनी तिच्या मागोमाग निघाली, चार पावलं अंतर ठेवून, आणि ते अंतर कमी करायची तिला घरापर्यंत हिंमत झाली नाही.